मीठ, कर्ज आणि कर : सुरतेच्या इतिहासातील एक पाठ



सरकारचे कर्ज, करांचा बोजा आणि महागाई या तीन गोष्टी आपण वृत्तपत्रात निरनिराळ्या पानांवर वाचतो. वस्तुतः त्या एकाच साखळीच्या तीन कड्या आहेत. ही साखळी समजून घेण्यासाठी अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांकडे धाव घेण्याचे कारण नाही. ज्या सुरत शहरात आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील खानदेशातून पोटापाण्यासाठी आले, त्या शहराने एकोणिसाव्या शतकात ही साखळी तीनदा अनुभवली आहे. त्या तीन प्रसंगांच्या आधारे आज थोडा विचार करू.

पहिला प्रसंग : १८४४

कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात शहरात येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई, तसेच कारागीर व दुकानदार यांच्या धंद्यावर मोहतर्फा नावाचा कर असे. हे कर व्यापाराला जाचक होते यात शंका नाही. १८४४ साली सरकारने शहरजकात उठविली. परंतु बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एकदम एक रुपया केला. कागदावर हिशेब जुळला. एका खिशातले ओझे दुसऱ्या खिशात गेले, एवढेच.

मात्र ते दोन खिसे एकाच माणसाचे नव्हते. केवळ उदाहरणासाठी असे धरू की, एका मजुराची मासिक प्राप्ती चार रुपये आहे आणि एका सावकाराची चारशे. दोघांच्याही घरी वर्षाला पाऊण मण मीठ लागते, कारण श्रीमंत माणूस काही शंभरपट मीठ खात नाही. एक रुपया दराने दोघेही वर्षाला बारा आणे कर भरतील. मजुराच्या अठ्ठेचाळीस रुपयांच्या वार्षिक मिळकतीत हे बारा आणे शेकडा दीड रुपयाहून अधिक भरतात. सावकाराच्या मिळकतीत त्यांचा मागमूसही लागत नाही. रक्कम सारखी, पण भार शंभरपट. जीवनावश्यक वस्तूवरील कराचे सारे मर्म या एका उदाहरणात आहे.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जकात उठली म्हणून बाजारातला भाव दुसऱ्या दिवशी तेवढ्याच प्रमाणात उतरतो असे नाही. उतरलेला कर मधल्या मध्ये जिरू शकतो. चढलेला कर मात्र गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्यास विलंब लावत नाही. १८४४ च्या ऑगस्ट महिन्यात सुरतेत दुकाने बंद झाली, हजारो लोक रस्त्यावर आले, दंगल उसळली आणि सैन्याची कुमक मागवावी लागली. अखेरीस सरकारला एक पाऊल मागे घ्यावे लागले. मिठाचा दर एक रुपयावरून बारा आण्यांवर आणण्यात आला.

दुसरा प्रसंग : १८६०

१८५७ चा उठाव मोडून काढण्यासाठी जो अफाट खर्च झाला, त्याने हिंदुस्थान सरकारचे कर्ज सुमारे तीन कोटी ऐंशी लाख पौंडांनी वाढले. ज्यांच्याविरुद्ध लढाई झाली, त्यांच्याच माथी तिचा खर्च बसला. ही तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने १८६० साली या देशात प्रथमच आयकर आणला. दोनशे रुपयांखालील वार्षिक उत्पन्नाला सूट होती. दोनशे ते पाचशेपर्यंत शेकडा दोन आणि त्यावर शेकडा चार असा दर होता.

तत्त्वाच्या दृष्टीने पाहता हा कर मिठाच्या करापेक्षा न्याय्य होता, कारण तो कमाईच्या प्रमाणात होता. तरीही सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून त्याला विरोध केला. त्या विरोधात स्वार्थ नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु कर कोणी ठरविला आणि पैसा कशावर खर्च होणार, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला नव्हता, हेही तितकेच खरे. न्याय्य करसुद्धा विश्वासावाचून वसूल होत नाही, हा या प्रसंगाचा बोध.

तिसरा प्रसंग : १८७८

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये महाभयंकर दुष्काळ पडला. पुढील दुष्काळांसाठी दरवर्षी सुमारे दीड कोटी रुपये बाजूला काढावेत, असे सरकारने ठरविले. हेतू चांगला होता. त्यासाठी धंद्यांवर परवाना कर बसविण्यात आला, आणि त्याच सुमारास मुंबई इलाख्यात मिठाचा कर मणामागे एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर गेला. दुष्काळाने धान्य आधीच महाग झालेले. त्यात हा दुहेरी भार पडला. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत पुन्हा दुकाने बंद झाली, दंगल झाली, गोळीबार झाला. त्या संबंधात पकडलेल्यांमध्ये इच्छाराम सूर्यराम देसाई हे तरुण पत्रकार होते. आरोपींच्या बचावासाठी फिरोजशहा मेहता उभे राहिले.

पुढे अफगाण युद्धाचा खर्च वाढला आणि दुष्काळासाठी म्हणून घेतलेला पैसा ठरल्याप्रमाणे राखून ठेवला गेला नाही. विशिष्ट कारण सांगून घेतलेला कर त्याच कारणासाठी खर्च होतो की नाही, हे पाहणारा कोणी नसला म्हणजे असे होते.

हे पाहण्याचे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव अग्रभागी आहे. १९०२ च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी दाखवून दिले, की तिजोरीत दिसणारी शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून अतिरिक्त करवसुलीची आहे. मिठाचा कर वाढला की गरीब माणूस मीठच कमी खातो, हेही त्यांनी आकड्यांनिशी मांडले. १९०३ साली हा कर अडीचवरून दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. तसा मिठाचा खप वाढत गेला. पुढे १९३० साली त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातील दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मूठभर मीठ उचलले. १८४४ ची स्मृती असलेल्या या भूमीला त्या मुठीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

आजचा संदर्भ

आता आपल्या काळाकडे वळू. कर्ज म्हणजे पुढे ढकललेला कर होय. ते सर्वस्वी वाईट नसते. तापीवरील उकाईसारख्या धरणासाठी कर्ज काढले, तर पुढच्या पिढीला फेडीबरोबर पाणी आणि वीजही मिळते. परंतु पगार, व्याज आणि सवलती यांसाठी कर्ज काढले, तर पुढच्या पिढीच्या वाट्याला केवळ फेड येते. राज्य सरकारला नोटा छापता येत नाहीत. केंद्राचे देणे शिल्लक असताना राज्यघटनेच्या २९३ व्या कलमानुसार केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्जही काढता येत नाही. तुटीला आळा घालणारे कायदे गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २००५ साली केले. तरीही २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार महाराष्ट्राचे कर्ज नऊ लाख कोटी रुपयांच्या वर गेले आहे. व्याज चुकविता येत नाही. म्हणून ओढाताण झाली की कर तरी वाढतो किंवा शाळा-दवाखान्यांची तरतूद तरी आटते.

राज्यांच्या हाती स्वतःचे कर आता थोडेच उरले आहेत. गुजरातने २००७ साली जकात रद्द केली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. पेट्रोल व डिझेल मात्र त्याबाहेर राहिले आणि त्यांवरील कर हा राज्यांचा मोठा आधार ठरला. डिझेलचा कर मालमोटारीच्या मालकाकडे थांबत नाही. नाशिकहून सापुताऱ्याच्या घाटाने येणाऱ्या भाजीच्या प्रत्येक जुडीत तो असतो आणि लिंबायत किंवा उधना येथील यंत्रमाग कामगाराची गृहिणी तो भरते. पावतीवर तो दिसत नाही इतकेच.

जुलै २०१७ मध्ये कापडावरील पाच टक्के कराविरुद्ध सुरतेच्या कापड बाजाराने दोन आठवड्यांहून अधिक काळ व्यवहार बंद ठेवले. त्या बंदमागे दराइतकीच विवरणपत्रांची आणि हिशेबाच्या नव्या पद्धतीची धास्ती होती. बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले गेले. पण बाजार बंद असतो तेव्हा रोजंदारीवरील हमालाची आणि माग चालविणाऱ्याची चूलही बंद पडते, हे त्या गदारोळात मागे राहिले.

मित्रहो, कर नकोतच, असा याचा अर्थ नाही. करांवाचून ना रस्ता, ना पोलीस, ना शाळा. प्रश्न एवढाच, की नवा कर किंवा नवे कर्ज जाहीर झाले म्हणजे आपण तीन गोष्टी विचारतो का? हा भार शेवटी कोणाच्या घरी उतरणार? तो ज्या कामासाठी घेतला, त्याच कामी लागतो का? आणि त्याचा हिशेब मागण्याची सोय कोणती? १८४४ च्या माणसाला हे विचारण्यासाठी दुकान बंद करून रस्त्यावर यावे लागले. आपल्याजवळ मत आहे, माहितीचा अधिकार आहे आणि दरवर्षी छापून निघणारा अर्थसंकल्प आहे. आजच्या वस्तू व सेवा करात मिठाला पूर्ण सूट आहे. ती सूट मिळविण्यास किती पिढ्या लागल्या, एवढे जरी आपण लक्षात ठेवले, तरी हिशेब मागण्याचा आळस आपल्याला परवडणार नाही.