मुसळीचं बी जूनपर्यंत का थांबतं?

पहिला पाऊस जमिनीत मुरला की अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारात कुळूच्या जुड्या येऊ लागतात. कुणी तिला फोडशी म्हणतं. बदलापूरकडच्या रानातून आदिवासी बायका ही भाजी खुडून आणतात. बुडखा आणि पातीतला कडक दांडा काढून ती कांद्यावर परतायची, हे इथल्या घरांना सांगावं लागत नाही. ही भाजी क्लोरोफायटम या गटातली, आणि आयुर्वेदात बळ देणारी म्हणून मान असलेली सफेद मुसळीही त्याच गटातली. मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी 1950च्या दशकात साष्टीतल्या नमुन्यांवरून ही जात नोंदवली आणि तिला बोरिवलीचं नाव दिलं.

मुसळीला पावसाळ्यात पांढरी फुलं येतात. मग तीन कप्प्यांची बोंडं धरतात, ती सुकून तडकतात आणि आतून कांद्याच्या बियांसारखं काळं, कोनेदार बी खाली पडतं. तेव्हा भाद्रपद असतो. माती ओली, हवा उबदार. रुजायला याहून चांगलं काय हवं? तरीही बी रुजत नाही, आणि त्यातच त्याचं शहाणपण आहे. त्या वेळी कोंब काढला तर महिना-दीड महिन्यात पाऊस सरेल, आणि मुळाशी पाणी साठवणारी बोटं धरण्याआधीच रोप वाळेल. कोकणातल्या रानात पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात.

बियांचं हे थांबणं म्हणजे सुप्तावस्था, आणि ती ढोबळमानाने दोन तऱ्हांची असते. गुंज किंवा बहावा यांचं कवच इतकं घट्ट की पाणीच आत शिरत नाही. म्हणून रोपवाटिकेत बहाव्याचं बी गरम पाण्यात टाकतात, नाहीतर गंधकाम्लातून काढतात. दुसऱ्या तऱ्हेत पाणी आत जातं, पण गर्भच थांबलेला असतो. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक त्याला रोखून धरतं, जिबरेलिन वाढीला लावतं, आणि रुजायचं की नाही ते या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. पुष्कळ जातींत बी कोरडं राहिलं की महिनोन्‌महिने हे प्रमाण हळूहळू बदलत जातं. आपल्याला निर्जीव वाटणारा मार्च-एप्रिलचा उन्हाळा अशा बियांच्या आत काम करत असतो. जिबरेलिनचा माग जपानी शास्त्रज्ञांना भाताच्या एका रोगातून लागला. 1926 साली कुरोसावा यांनी दाखवलं, की रोपं भलतीच उंच करणारा पदार्थ एका बुरशीतून येतो. आज प्रयोगशाळेत हट्टी बी याच पदार्थाच्या द्रावणात भिजवून जागं करतात.

शेतकरी मात्र मुसळीच्या बियांच्या नादी फारसा लागत नाही. उगवण कमी, थांबणं फार. तो खोडाचा तुकडा राखून मुळांची बोटं लावतो. उत्पन्नासाठी हे ठीकच, पण अशा वाफ्यातलं प्रत्येक रोप आपल्या मातेची हुबेहूब नक्कल असतं. नवे गुण येतात ते बियांतून, आणि ते बी रानातच पडतं.

म्हणून रानातली मुसळी खणण्याची वेळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पावसाळा सरताना मुसळीची पानं पिवळी पडून आडवी होतात, मग गवतात झाड सापडत नाही. त्यामुळे पानं हिरवी असतानाच खणायचा मोह होतो. त्या वेळी बोंडं अजून मिटलेली असतात. कंद जातो आणि त्या सालचं बीही जातं. झाड हिरवं असताना नुसती खूण करून ठेवली आणि बोंडं तडकल्यावर खणलं, तर कंदही मिळतो आणि बी जागच्या जागी मातीत उरतं.