ओंबी दिसायच्या आधीच ठरतो दाण्यांचा हिशोब

जानेवारी अर्ध्यावर आला की बांधावर एकमेकांना एकच प्रश्न विचारला जातो, "निसवला का गहू?" ओंबी बाहेर पडली की मग आपलं खरं लक्ष पिकाकडे जातं. विहिरीतलं शेवटचं पाणी तेव्हासाठी राखून ठेवलेलं असतं. लाईट रात्रीची असली तरी बॅटरी घेऊन दारं धरायला माणूस जातोच. पण ओंबी डोळ्यांना दिसते, तेव्हा तिच्यात किती दाणे बसणार याचा बराचसा निकाल आधीच लागलेला असतो. ज्यांच्याकडे पाणी मोजकंच आहे, त्यांनी हे आधी समजून घेतलेलं बरं.

गव्हाची ओंबी तयार व्हायला सुरुवात होते ती पेरणीनंतर साधारण तीन-चार आठवड्यांत. तेव्हा रोप वीतभरही नसतं आणि वरून फक्त पानं दिसतात. एक रोप मुळासकट उपटा, पानं सोलत आत जा आणि बुडाशी ब्लेडने उभं चिरा. आत बारीक पांढरा कोंब दिसेल. तोवर हा कोंब नुसती पानं काढत होता. आता तो पानं काढणं थांबवतो आणि त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एकाआड एक बारीक उंचवटे येतात. तीच ओंबी, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. प्रत्येक उंचवट्याचा पुढे एक झुबका होतो. पुस्तकात त्याला कणिशिका म्हणतात, आपण झुबकाच म्हणू. चांगल्या ओंबीत असे 15 ते 20 झुबके असतात. शेंड्यावर शेवटचा झुबका बसला की संख्या कायमची ठरली. त्यानंतर कितीही युरिया टाकला तरी एकही झुबका वाढत नाही. राहिलेलं अर्धं नत्र तीन आठवड्यांनी, पहिल्या पाण्याबरोबर द्या असं सांगतात, त्यामागे फुटव्यांबरोबर हेही कारण आहे. उन्हाचा ताव असताना घाईने पेरलेल्या गव्हाची ओंबी आखूड राहते तीही यामुळेच. उष्णतेत रोप हा टप्पा भराभर उरकतं आणि झुबके कमी बसतात.

खरी गंमत पुढे आहे. एकेका झुबक्यात फुलं धरतात आठ-दहा, पण दाणे होतात दोन, तीन, फार तर चार. बाकीची फुलं जन्मतात आणि तिथंच सुकून जातात. हे घडतं कांडी धरल्यापासून पोटरीपर्यंत. या काळात कांडी झपाट्याने उंच होत असते आणि आतली ओंबीही वाढत असते. पानांनी तयार केलेलं अन्न दोघींना वाटून घ्यायचं असतं. पाणी कमी पडलं, पानं मलूल झाली, की रोप आधी फुलं सोडून देतं. 18 झुबक्यांत तीन-तीन दाणे बसले तर ओंबीत 54 होतात, दोन-दोनच बसले तर 36. बांधावरून मात्र दोन्ही गहू सारखेच हिरवेगार दिसतात.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस या अंगाने वाचली की नीट कळते. गव्हाला एकच पाणी देता येत असेल तर ते पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी, म्हणजे कांडी धरताना द्या, असं विद्यापीठ सांगतं. फुलोऱ्यात नाही. दोन पाणी असतील तर पहिलं 20 ते 22 दिवसांनी मुकुटमुळं फुटताना आणि दुसरं 60 ते 65 दिवसांनी फुलोऱ्यात. तीन असतील तर कांडीचं मधलं पाणीही. आपल्याकडे अनेक जण एकुलतं एक पाणी ओंबी दिसेपर्यंत धरून ठेवतात. माझ्या मते गव्हाच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारी सवय हीच. वाचलेल्या फुलाला उशिराचं पाणी मिळालं तर दाणा भरतो, पण मेलेलं फूल परत येत नाही.

दिवस मोजताना एक ध्यानात ठेवा. हे आकडे वेळेवर पेरलेल्या गव्हाचे आहेत. डिसेंबरात पेरलेला गहू उष्णतेमुळे घाई करतो. तेव्हा कॅलेंडरपेक्षा रोप बघा. बुडाशी बोटाला पहिली गाठ लागली म्हणजे कांडी धरली.

पोटरीत ओंबी लपलेली असताना परागकण तयार होतात, आणि हा टप्पा फार नाजूक. पाण्याचा ताण किंवा 30 अंशांच्या वर गेलेली उष्णता यावेळी आली तर परागकण वांझ निघतात. ओंबी दिसायला ठीक असते, पण आतून पोचट.

ओंबी बाहेर पडल्यावर काही दिवसांत फुलोरा येतो. गव्हाच्या फुलाला रंगीत पाकळ्या नाहीत, वास नाही, त्यामुळे फूल आलेलं कळतच नाही. तुसाच्या आत तीन परागकोश आणि पिसासारखे दोन तुरे असलेला बीजांडकोश, एवढंच फूल. तळाशी दोन बारीक गाद्या असतात. त्या पाणी पिऊन फुगतात आणि तूस उघडतं, तेही काही मिनिटांपुरतं. ओंबीच्या मध्याच्या जरा वरून सुरुवात होऊन फुलोरा वर-खाली सरकतो आणि तीन ते पाच दिवसांत उरकतो. ओंबीवर पिवळसर कोश लोंबायला लागले की आपण म्हणतो फुलोरा सुरू झाला. खरं तर त्या फुलांचं परागीभवन बहुतेक आतल्या आत होऊन गेलेलं असतं. म्हणूनच सरळ वाणाचा गहू घरच्या बियाण्यावर काही वर्षं चालतो. वारा किंवा माशी परक्या वाणाचे पराग आणून मिसळण्याचा प्रकार फारच थोडा.

फळधारणा झाली की पहिले साधारण दोन आठवडे दाण्याचं आतलं घर बांधलं जातं, म्हणजे पिष्ठ साठवायच्या पेशी तयार होतात. जितक्या पेशी, तितका दाणा मोठा होऊ शकतो. मग चीक भरतो. कुरडईसाठी गहू भिजवून जो चीक काढतात, तोच हा. 80 ते 85 दिवसांचं पाणी या चिकासाठी असतं. पुढे दाणा दाबला की कणकेसारखा लागतो. ओंब्या भाजून खायच्या त्या याच सुमारास. दाण्यात भरणारं पिष्ठ मुख्यतः सगळ्यात वरचं पान बनवतं, शिवाय कुसळं आणि ओंबीची हिरवी सालही मदत करतात. त्यामुळे तांबेरा खालच्या पानांवर असेपर्यंत ठीक, वरच्या पानावर चढला की दाण्याचं वजन गेलंच समजा.

उष्णतेचा मार याच टप्प्यावर बसतो. दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गहू तेव्हा दाणे भरत होता. दाणा बारीक पडला, उत्पादन घटलं आणि 13 मे रोजी केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. आपल्याकडे थंडी मुळातच आखूड, म्हणून उशिरा पेरायचाच असेल तर एनआयएडब्ल्यू 34 सारखं उशिराच्या पेरणीचं वाण घ्यावं.

काढणीच्या वेळी चार ओंब्या हातावर चोळून बघा. तूस अगदी रिकामं निघालं तर चूक फुलोऱ्याच्या वेळी किंवा त्याआधी, कांडी-पोटरीत झालेली असते. दाणा आहे पण सुरकुतलेला, तर गडबड फुलोऱ्यानंतरची, म्हणजे पाणी, उष्णता किंवा तांबेरा. टोकाचे आणि अगदी बुडाचे एक-दोन झुबके रिकामे असतील तर काळजी नको, ते बहुतेक ओंब्यांत असतात. आणि चिकाच्या वेळचं पाणी देताना वाऱ्याचा अंदाज घ्या. ओंब्या जड झालेल्या असतात, ओल्या रानात जोराचं वारं आलं की गहू लोळतो.