श्वानशिक्षण

श्वानशिक्षण : पाळलेल्या कुत्र्यास, विशेषतः त्याच्या पिलास, माणसाच्या घरात व समाजात वावरण्याच्या सवयी लावणे आणि त्याच्या वर्तनातील त्रासदायक प्रकारांना योग्य वळण देणे, यास श्वानशिक्षण म्हणतात. पोलीस व सैन्य यांच्या कामासाठी कुत्र्यांना विशेष शिक्षण देण्यात येते. भारतात मीरत येथील सैन्याचे केंद्र आणि ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाचे केंद्र त्यासाठी प्रसिद्ध आहेत. या शिक्षणाची मूलतत्त्वे तीच असली, तरी प्रस्तुत नोंदीत घरगुती कुत्र्याचाच विचार केला आहे. [→ कुत्रा].

कुत्रा लांडग्यापासून उत्पन्न झाला असून माणसाशी त्याचा सहवास किमान १५,००० वर्षांचा असावा. या दीर्घ सहवासात माणसाच्या चेहऱ्याकडे, हाताकडे व आवाजाकडे लक्ष देण्याची प्रवृत्ती त्याच्या ठायी दृढ झाली. मात्र सतरंजी कोणती व अंगण कोणते, चप्पल कोणती व हाड कोणते, हे ज्ञान उपजत नसते. जमीन उकरणे, वस्तू चावून पाहणे, अनोळखी पावलांची चाहूल लागताच भुंकणे, अन्नाजवळ कोणी आल्यास गुरगुरणे या कुत्र्याच्या स्वाभाविक क्रिया होत. मालक ज्यांना खोडी म्हणतो त्यांपैकी बहुतेक याच प्रकारच्या असतात. म्हणून खोड कशी मोडावी यापेक्षा ती क्रिया कोठे, केव्हा व कशावर करावी हे पिलास कसे उमगेल, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

अध्ययनाची तत्त्वे : ज्या क्रियेचा परिणाम समाधानकारक असतो ती क्रिया प्राणी पुन्हा करतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांनी १८९८ मध्ये पिंजऱ्यात कोंडलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. अन्नाशी वारंवार जोडला गेलेला एखादा निरर्थक आवाजही पुढे एकट्याने कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणतो, हा रशियन शरीरक्रियावैज्ञानिक इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांचा शोध सर्वश्रुत आहे. बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) यांनी १९५१ मध्ये एका लेखात या दोहोंचा मेळ घालून सामान्य वाचकास प्राणी कसा शिकवावा हे सांगितले : अपेक्षित क्रिया घडताच त्याच क्षणी ठरावीक आवाज करावा आणि मागोमाग खाऊ द्यावा. खाऊ पोहोचण्यास थोडा विलंब लागला, तरी आवाजामुळे नेमकी कोणती क्रिया मान्य झाली ते प्राण्यास कळते.

या तत्त्वांतील कळीचा मुद्दा काळाचा आहे. क्रिया व परिणाम यांत काही क्षणांचे अंतर पडले, तर कुत्रा त्या दोहोंचा संबंध जोडू शकत नाही. सायंकाळी घरी परतलेला मालक दुपारी फाडलेल्या उशीबद्दल कुत्र्यास मारतो, तेव्हा कुत्र्याच्या लेखी ती शिक्षा उशी फाडण्याची नसून दाराशी धावत येण्याची असते. अशा वेळी कुत्रा मान खाली घालतो, कान पाडतो, अंग चोरतो. त्यावरून त्याला आपला अपराध कळला आहे, असे मालक ठामपणे सांगतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या समजुतीची परीक्षा घेतली. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, यावर हा ‘अपराधी’ चेहरा अवलंबून नव्हता, मालक रागावतो की नाही यावर तो अवलंबून होता; खाऊला न शिवलेल्या, पण बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांतही तो दिसला. त्या मुद्रेत पश्चात्ताप नसून समोरच्या रागाची भीती असते.

शिक्षेचा प्रश्न : विसाव्या शतकाच्या आरंभी श्वानशिक्षणावर लष्करी शिस्तीची छाप होती. जर्मन अधिकारी कोनराट मोस्ट यांच्या १९१० मधील ग्रंथाने पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणास पद्धतशीर रूप दिले; बक्षिसाचे महत्त्व त्यांनी ओळखले होते, तथापि साखळीचा हिसका व सक्ती यांवरही त्यांचा भर होता. पुढे या सक्तीला लांडग्यांच्या अभ्यासाचा आधार मिळाल्यासारखे झाले. रूडोल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे वर्णन करताना कळपातील वर्चस्वाच्या झगड्यावर भर दिला. त्यावरून घरातील कुत्राही सत्तेसाठी धडपडतो, सबब मालकाने त्याला उताणे पाडून आपला वरचष्मा सिद्ध करावा, असा उपदेश रूढ झाला. तो आजही अनेक शिक्षकांच्या तोंडी ऐकू येतो. शेंकेल यांचे लांडगे बंदिस्त होते. मुक्त लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंबच असते, असे डेव्हिड मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्झमीअर बेटावरील अनेक वर्षांच्या निरीक्षणांवरून १९९९ मध्ये दाखवून दिले. लांडग्यांच्या गृहजीवनाविषयीची समजूतच अशी बदलल्यावर तिच्यावर रचलेल्या उपदेशाला आधार उरत नाही. पोर्तुगालमधील ७ शिक्षणवर्गांतील ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात (२०२०) दंडावर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली आणि शिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाणही अधिक वाढलेले दिसले. मार देऊन कुत्रा शिकत नाही असे नाही. परंतु तो काय शिकतो यावर मारणाऱ्याचा ताबा राहत नाही.

पिलाचे सामाजीकरण : पिलाचे डोळे सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात व त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला ऐकू येऊ लागते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या पुढील स्वभावाच्या दृष्टीने निर्णायक असतो. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जे. पी. स्कॉट व जे. एल्. फुलर यांनी दीर्घकाळ केलेल्या संशोधनातून (ग्रंथरूपाने १९६५) हे स्पष्ट झाले. तेथेच झालेल्या व १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिले उंच कुंपणाच्या आवारात माणसाच्या संपर्काविना वाढविण्यात आली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवास मिळाला नाही ती पिले रानटी जनावराप्रमाणे माणसापासून दूर पळत आणि पुढे प्रयत्न करूनही त्यांची भीती फारशी गेली नाही.

या काळात पिलाने वृद्ध, मुले, टोपीवाले, छत्रीवाले, दुधवाला, सायकल, रिक्षा, कुकरची शिटी व जिन्यावरची वर्दळ हे सर्व पाहावे व ऐकावे. परंतु ते दुरून, थोडे थोडे आणि खाऊच्या संगतीने. घाबरलेल्या पिलास ओढत पुढे नेणे म्हणजे सामाजीकरण नव्हे. आई व भावंडे यांच्याबरोबरच्या खेळात पिलू चाव्याचा जोर आवरण्यास शिकते. म्हणून आठ आठवड्यांपूर्वी त्यास आईपासून तोडू नये. भारतात याहून लहान पिले विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई केली आहे. डिस्टेंपर, तसेच १९७८ पासून जगभर पसरलेला पार्व्हो विषाणुरोग यांच्या भीतीने सर्व लसी पुऱ्या होईपर्यंत पिलू कोंडून ठेवण्याकडे कल असतो. तोवर हा मोलाचा काळ निघून जातो. पशुवैद्याच्या सल्ल्याने पहिली लस टोचल्यावर पिलू कडेवर घेऊन रस्ता दाखवावा आणि लस टोचलेल्या निरोगी कुत्र्यांशीच त्याची गाठ घालून द्यावी. भटक्या कुत्र्यांची वर्दळ असलेली जागा मात्र टाळावी.

प्राथमिक सवयी : मलमूत्रविसर्जनाची सवय ही बव्हंशी मालकाच्या शिस्तीची परीक्षा असते. लहान पिलाचा मूत्राशयावर ताबा नसतो. दोन महिन्यांचे पिलू दिवसा दोन-तीन तासांहून अधिक कळ काढू शकत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे, विधी उरकेपर्यंत शांत उभे राहावे आणि उरकताच तेथेच शाबासकी व खाऊ द्यावा. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात येण्याबद्दल असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. घरात चूक झाल्यास काही न बोलता जागा धुवावी. वास पूर्ण गेला नाही, तर पिलू त्याच जागी पुन्हा जाते. अमोनियायुक्त फिनेल वापरल्याने वास झाकला जात नाही, उलट मूत्राच्या वासाशी साधर्म्य असल्याने पिलू तिकडे ओढले जाते. त्याचे नाक त्या जागी घासण्याची जुनी रीत निव्वळ निरुपयोगी आहे. तिच्यामुळे पिलू मालकासमोर विधी करण्यासच भिते व पलंगाखाली जाऊन उरकते. वरच्या मजल्यांवरील सदनिकांत सज्जातील एका कोपऱ्यात कागद पसरून आरंभ करावा लागतो. त्याचा बदल अंगणात करताना शिक्षण पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागते.

पिलाचे २८ दुधाचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यांत पडून ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने ते दिसेल ते चावते. चपला उचलून ठेवाव्या आणि चावण्याजोगी वस्तू पुढे करावी, एवढाच उपाय. खेळताना ते हातास चावल्यास खेळ तत्काळ थांबवून उठून जावे. अंगावर उड्या मारणाऱ्या पिलाकडेही पाठ फिरवावी व चारही पाय जमिनीवर टेकल्यावर कौतुक करावे. त्याला ढकलणे हा त्याच्या मते खेळच होय. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ या आज्ञा घरातील सर्वांनी एकाच शब्दांत द्याव्या. दिवसातून चार-पाच वेळा तीन-तीन मिनिटांचा पाठ पुरतो. पोळीचा वा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा खाऊ म्हणून चालतो. कांदा, मनुका व चॉकलेट हे कुत्र्यास विषारी आहेत. ‘ये’ म्हणून बोलावून कुत्र्यास कधीही रागावू नये, अन्यथा ती आज्ञा कायमची निकामी होते.

वर्तनसमस्या : सतत भुंकण्यामागे पहारा, कंटाळा, भीती वा लक्ष वेधणे यांपैकी कोणतेही कारण असू शकते, म्हणून आधी कारण शोधावे. दिवसभर साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे भुंकणे ही बहुधा शिक्षणाची समस्या नसते. सदैव बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली अपराधच आहे.

घरात एकटे राहताच विव्हळणे, दार ओरबाडणे व लाळ गाळणे ही वियोगजन्य भीतीची चिन्हे होत. आरंभी अर्धे मिनिट बाहेर जाऊन परतावे व कुत्रा शांत राहील एवढ्याच बेताने वेळ वाढवीत न्यावा. दिवाळीतील फटाक्यांच्या भीतीवरही हेच तत्त्व लागू पडते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये एका लहान मुलाची सशाविषयीची भीती, ससा हळूहळू जवळ आणून व त्याच वेळी आवडीचा खाऊ देऊन घालविली होती. त्याप्रमाणे फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अतिशय हळू लावून सोबत खाऊ द्यावा व काही आठवड्यांत आवाज वाढवावा. हे काम दिवाळीच्या आदल्या दिवशी होण्याजोगे नाही. ऐन वेळी आतल्या खोलीत आसरा करून द्यावा. घाबरलेल्या कुत्र्यास जवळ घेतल्याने भीती वाढते ही समजूत निराधार आहे. भीती तीव्र असल्यास पशुवैद्य औषधही देऊ शकतो.

गुरगुरण्याविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. मान वळविणे, ओठ चाटणे, अकारण जांभई देणे, अंग ताठ करणे, गुरगुरणे आणि शेवटी चावा, अशी कुत्र्याच्या नाराजीची चढती भाषा असते. गुरगुरल्याबद्दल मारलेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, नाराजी सोडत नाही. मग तो सूचना न देता चावतो, आणि मालक म्हणतो, काही कारण नसताना चावला. ताटलीजवळ गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे अन्न काढून घेण्याऐवजी जाता-येता त्यात अधिक चांगला तुकडा टाकावा, म्हणजे माणूस जवळ येणे त्याला लाभाचे वाटू लागते. लहान मुलास जेवत्या वा झोपलेल्या कुत्र्याजवळ एकटे सोडू नये. शांत कुत्रा एकाएकी चावरा झाल्यास कानाचे, दाताचे वा सांध्याचे दुखणे तपासून घ्यावे. चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब लस घ्यावी, कारण लक्षणे उमटल्यावर अलर्क रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो.

सहा-सात महिन्यांनंतर पिलू वयात येते आणि शिकलेले विसरल्यासारखे वागते. ब्रिटनमधील एका अभ्यासात (२०२०) आठ महिन्यांचे कुत्रे ‘बस’ ही आज्ञा आपल्या सांभाळणाऱ्याकडून पाच महिन्यांच्या वयातल्यापेक्षा कमी वेळा पाळताना आढळले. परक्याची आज्ञा मात्र ते पाळत. ही अवस्था काही महिन्यांत सरते. परंतु पिलाचे गोंडसपण संपलेले व अंगाने ते वाढलेले असते, आणि नेमक्या याच वेळी कित्येक मालक त्यास दूरच्या रस्त्यावर नेऊन सोडतात. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत प्राण्यास सोडून देणे हाही १९६० च्या अधिनियमाखाली अपराध आहे. घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर अन्न शोधू शकत नाही व तेथील टोळ्या त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत.

याच्या उलट, रस्त्यावरचा कुत्रा घरी आणून शिकविणे मानले जाते तितके कठीण नसते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील संशोधकांनी भटक्या कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत ते अनोळखी माणसाने बोटाने दाखविलेली दिशा कोणत्याही शिक्षणाविना समजून घेतात, असे आढळले. वारंवार भेटणाऱ्या परक्यावर विश्वास बसण्यास खाऊपेक्षा अंगावरून फिरविलेला हात अधिक उपयोगी पडतो, असेही २०१७ मध्ये दिसून आले. अशा कुत्र्यास पहिले काही दिवस एकच खोली, ठरलेल्या वेळी अन्न व मोकळी दोरी द्यावी. त्याने आपणहून जवळ येईपर्यंत त्याच्याकडे रोखून पाहू नये वा त्याच्यावर ओणवून हात पुढे करू नये.