लेकींची वंशावळ

पूर्वजांचा शोध घेणारे पुष्कळ. पणजोबांच्या पलीकडचे एखादे नाव हाती आले की त्यांना कृतार्थ वाटते. परंतु त्याच पणजोबांची नातवंडे-पतवंडे आज कोठे आहेत, असे विचारावे तर बहुधा मौन! वर चढताना प्रत्येकाला आईबाप दोनच. खाली उतरताना किती फाटे फुटतील याचा नेम नसतो.

गोव्यात गावकरीच्या जोणकारांच्या याद्या या कामी उपयोगी पडतात. पण जोण हा सामान्यतः पुरुष वंशजांचा हक्क; सासरी गेलेल्या लेकींची संतती तेथे सापडावयाची नाही. त्यांच्यासाठी चर्चच्या नोंदवह्याच पाहाव्या लागतात. विवाहाची नोंदवही ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घातला. आणि १९०८ पासून अंमलात आलेल्या ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्राने तो विवाह वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशीही टिपून ठेवण्यास सांगितले. संशोधकाला हा समास म्हणजे केवढे घबाड!

माझ्या आजोबांची धाकटी बहीण ‘घाटावर गेली’, एवढेच आमच्या घरी ठाऊक होते. तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पुसट शाईत दोन ओळी आढळल्या: पतीचे नाव, तारीख आणि बेळगाव. तेथील वहीत तिच्या पाच मुलांची नावे मिळाली. हयात माणसांची चौकशी परस्पर करू नये, म्हणून आधी पत्र धाडले. तिच्या नातवाचे उत्तर आले, “आजीला माहेर होते, हे आम्हांस आजच कळले.”