जुनी इलेक्ट्रिक गिटार पुन्हा वाजती करताना

भंडारा जिल्ह्यातील कोंढा येथून एका वाचकबंधूंनी आम्हांला विचारले आहे : वडिलांची इलेक्ट्रिक गिटार वीस-बावीस वर्षे कपाटावर पडून आहे, ती दुरुस्त होईल काय? बहुधा होईल. मात्र ती विजेच्या यंत्रास लगेच जोडून पाहू नये.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हवा लाकडाला मानवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो व सारे सुकते. जुलैत तीच हवा पाण्याने जड होते. लाकूड आकसते, फुगते. त्यात सहा तारांचा एकूण ताण साधारणतः ४० ते ५० किलो! म्हणून गिटारीची मान वाकते. मानेच्या पोटात लोखंडी सळई असते. तिला 'ट्रस रॉड' म्हणतात. तारा सैल करून ती एका वेळी पाव फेराच फिरवावी व एक दिवस थांबावे. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबली असता मध्यभागी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहिली, म्हणजे मान ठीक झाली.

नव्या पॉलिशचा मोह टाळावा. अनेक जुन्या गिटारींवरील लॅकर थिनरने विरघळते. कोरडे मऊ फडके पुरे. जे मूळ भाग बदलावे लागतील ते पाकिटात जपून ठेवावेत.

तारांखालच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. मल्टिमीटरने बहुधा ५ ते १० किलोओहम रोध दिसतो. काहीच न दाखवल्यास वेढा तुटला असे समजावे. तथापि आमचा अनुभव असा की, पिकअप सहसा शाबूत असते आणि खरखर येते ती धूळ बसलेल्या बटणांमुळे. कॉन्टॅक्ट क्लीनर व रेडिओ दुरुस्त करणारा कुशल कारागीर, एवढ्याने ती बहुधा जाते.

आता ॲम्प्लिफायर. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. म्हणून त्याचे झाकण घरी उघडू नये. गिटारीच्या तारा केबलद्वारे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि आत बिघाड असेल, तर तो प्रवाह वादकाच्या बोटांपर्यंत येतो. ओठ माइकला लागताच तो त्याच्या देहातून वाहतो. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्झी येथे लेस हार्वी हा गिटारवादक व्यासपीठावरच, अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन मरण पावला. आपल्याकडे मंडपात व सभागृहांत प्लगची तिसरी पिन सर्रास काढून टाकतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. ती पिन परत बसवावी, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच लावावा. मुलांच्या हाती गिटार त्यानंतरच द्यावी.