नागलीच्या शेतातली परकी आई

श्रावणात जव्हार-मोखाड्याच्या वरकस उतारांवर नागलीची बेणणी चालते. त्यात एक तण फसवं असतं. कोवळेपणी ते नागलीसारखंच दिसतं, पण बुडाशी पांढरट आणि जमिनीला धरून पसरलेलं. पावसात वाकलेल्या बायांच्या बोटांना तेवढी खूण पुरते. कणसं आल्यावर तर शंकाच उरत नाही : नागलीची बोटं जाड, मुठीसारखी वळलेली, तणाची काटकुळी. शास्त्रात नागली ‘इल्युसिनी कोराकाना’, तण ‘इल्युसिनी इंडिका’.

डोळे चकतात तिथे हल्ली डीएनए तपासतात. समुद्रातली लाल शैवालं याचं उत्तम उदाहरण. वेगळ्या प्रजाती दिसायला इतक्या सारख्या की तज्ज्ञही गोंधळतात. कॅनडाच्या गॅरी सॉन्डर्स यांनी 2005 मध्ये दाखवलं, की मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाच्या तुकड्यावरून त्या ओळखता येतात. जमिनीवरच्या वनस्पतींत मात्र ते जनुक फार सावकाश बदलतं. म्हणून 2009 मध्ये त्यांच्यासाठी हरितलवकातली दोन जनुकं ठरली, आरबीसीएल आणि मॅटके.

नागलीपाशी नेमकी हीच युक्ती अडखळते, आणि मला या कथेतला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. बहुतेक फुलझाडांत हरितलवक आईकडून येतं. खिदिर हिलू यांनी 1988 मध्ये हरितलवकाचा डीएनए ताडून पाहिला, तर नागलीचा आणि त्या तणाचा जवळून जुळला! म्हणजे शेतातून उपटून बांधावर टाकतो ते नागलीच्या आईच्या घराण्यातलं. तणाची गुणसूत्रं 18, नागलीची 36. निम्मी या घराण्याची. उरलेली निम्मी देणारं गवत अजून सापडलेलं नाही. या दोन गवतांचा संकर पूर्व आफ्रिकेतला. तिथल्याच डोंगराळ भागात माणसाने नागली माणसाळवली आणि पुढे ती आपल्याकडे आली.

त्यामुळे दोघींना वेगळं करायचं तर पेशीकेंद्रातला डीएनए वाचावा लागतो. नागलीचे वाण ओळखणं त्याहून बारीक काम : कोणता वाण कोणता हे डीएनएतल्या छोट्या छोट्या पुनरावृत्ती मोजून शोधतात. जव्हार भागात बाएफ संस्थेने शेतकऱ्यांसोबत देशी वाणांचं बियाणं जपलं आहे. ते वाण आज शेतात उभे आहेत ते पिढ्यान्‌पिढ्या कापणीआधी शेतात फिरून, चांगलं भरलेलं कणीस बियाण्यासाठी वेगळं काढणाऱ्या हातांमुळे.