चालता-बोलता बोलू

रायपूर शहरातून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले म्हणजे भनपुरी लागते. कारखाने, गोदामे, मालमोटारींच्या रांगा आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती असे तिचे रूप आहे. अशा ठिकाणी बालवाङ्मयाचा विचार कोणाच्या मनात यावा, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु मुले तर येथेही आहेत. घरी छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि काही घरांतून मराठी बोलणारी. याच रायपुरात हिंदीतील एका थोर लेखकाने आयुष्याच्या उत्तरार्धात मुलांसाठी लेखन केले. विनोदकुमार शुक्ल हे त्यांचे नाव.

शुक्लांचा जन्म १ जानेवारी १९३७ रोजी राजनांदगाव येथे झाला. शिक्षण शेतकीचे, नोकरी रायपूरच्या कृषी महाविद्यालयात अध्यापनाची. 'नौकर की कमीज' ही कादंबरी १९७९ साली आली आणि 'दीवार में एक खिड़की रहती थी' या कादंबरीला १९९९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा पाढा येथेच थांबविलेला बरा; कारण त्यांच्या कीर्तीचा हिशेब मांडणे हा येथील विषय नव्हे.

मात्र दुसऱ्या कादंबरीच्या नावाकडे क्षणभर पाहावे. भिंतीत खिडकी 'होती' असे आपण म्हणतो. शुक्लांची खिडकी भिंतीत 'राहते', जसे एखादे कुटुंब भाड्याच्या खोलीत राहावे तसे. कादंबरीतील तरुण प्राध्यापक कधी हत्तीवर बसून महाविद्यालयात जातो, आणि त्याच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर उतरले की नवराबायकोला नदी, तळी आणि चहा देणारी म्हातारी भेटते. ही प्रौढांची कादंबरी. पण तिच्यातील व्याकरण लहान मुलाचे आहे. मूल खुर्चीला लागले म्हणून खुर्चीला मारते, चांदोबा आपल्या मागे येतो असे समजते. वस्तूंना निर्जीव म्हणावयास अद्याप न शिकलेली ती दृष्टी शुक्लांनी साठीपर्यंत सांभाळली होती. तेव्हा पुढे ते मुलांसाठी लिहू लागले, यात नवल काहीच नाही. ते आधी का लिहू लागले नाहीत, हेच नवल.

२०११ साली 'हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे 'यासि रासा त' आणि 'एक चुप्पी जगह' आली. भोपाळच्या इकतारा संस्थेच्या 'साइकिल' या मुलांच्या नियतकालिकातूनही त्यांनी लेखन केले. पुस्तकांची नावेच पाहा. डोंगर म्हटला की कवीने त्याला उत्तुंग म्हणावे असा संकेत. येथे तो बुटका आहे, म्हणजे मुलाच्या उंचीला उतरलेला. दुसरे नाव कानाला निव्वळ निरर्थक वाटते. मुले आपापसांत गुप्त भाषा बनवतात तशातला तो नाद. आणि तिसऱ्या नावात शांतता ही एक जागाच होऊन बसली आहे. जिथे जाता येते, जिथून परत येता येते अशी.

या कथांतील मुलांमध्ये भैरा आहे, कूना आहे आणि सर्वांत लक्षात राहणारा बोलू आहे. बोलूची तऱ्हा अशी की तो चालू लागला म्हणजेच बोलतो. उभा राहिला की त्याचे बोलणे थांबते. वरवर ही एक गंमत आहे, आणि मुले ती गंमत म्हणूनच घेतात. परंतु शाळेचा सारा कायदा नेमका याच्या उलट आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. शाळेत उत्तर द्यावयाचे ते उभे राहून, हात बाजूला ठेवून, न हलता. ज्या मुलाची वाचा पायांबरोबर सुटते त्याला असे खिळवून प्रश्न विचारला तर तो मूढ ठरणार. प्रत्येक वर्गात असा एखादा बोलू असतो. घरी एक भाषा आणि फळ्यावर दुसरी असली म्हणजे एकाचे चार होतात. त्याला येत असते, पण त्या ठिकाणी, त्या पवित्र्यात येत नाही. शुक्ल त्याला बरा करावयास धावत नाहीत. त्याची तऱ्हा ही त्याची तऱ्हा म्हणून राहू देतात, आणि कथेतले जग तिच्याशी जुळवून घेते.

दिलासा देणारे बालवाङ्मय म्हणतात ते हेच असावे. आपल्याकडे मुलाची 'समजूत काढण्याची' रीत आहे. तिच्यात बहुधा मुलाने आपला हट्ट सोडावा आणि मोठ्यांचे म्हणणे मानावे हा हेतू दडलेला असतो. बऱ्याच बालकथा या अर्थाने समजूत काढणाऱ्या असतात. अंधाराला भिऊ नको, कारण अंधारात काही नसते, असे त्या सांगतात. भ्यालेल्या मुलाला हा युक्तिवाद कधी पटलेला नाही. खोडकरपणाला मुक्तद्वार देणारी परंपरा मराठीतही आहेच, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या तिचा साक्षी. पण गोट्या चलाख आहे, त्याला मदतीची गरज फारशी भासत नाही. चलाख नसलेल्या मुलाला खेळात घेणे हे अधिक अवघड काम, आणि ते बोलूच्या कथेत साधले आहे.

मराठी श्रोत्याला या प्रदेशात आणखीही एक धागा सापडतो. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे शतकाहून अधिक काळ होता. त्याच्या खुणा राजकारणापेक्षा लेखणीत अधिक उमटल्या. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक सुरू केले आणि १९०१ साली त्यात 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा लिहिली. पुष्कळजण तिला हिंदीतील पहिल्या कथांत गणतात. जमीनदाराने विधवेची झोपडी बळकावली आहे, आणि तिची नात त्या घरी परत गेल्यावाचून जेवावयास तयार नाही. म्हातारी चुलीसाठी टोपलीभर माती मागते. जमीनदाराला ती टोपलीही उचलवत नाही. पुढे गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले. मातृभाषा मराठी, लेखन हिंदी. तरुण विनोदकुमारांना कवितेच्या वाटेवर पहिले भक्कम उत्तेजन त्यांच्याकडून मिळाले. मुक्तिबोधांनीही 'पक्षी और दीमक' या कथेत एक प्राणिकथा गुंफली आहे: वाळवी खाण्याच्या मोहाने एक पक्षी एकेक पीस विकतो आणि अखेर त्याला उडता येत नाही. फार कठोर गोष्ट. ती ऐकून मूल झोपी जाणार नाही.

सप्र्यांची झोपडी अन्यायाची साक्ष आहे, मुक्तिबोधांचा पक्षी स्वतःच्या मोहाचा बळी. शुक्लांच्या झोपडीवर हिरवे गवत उगवले आहे. मुक्तिबोधांचा हा शिष्य त्यांच्या काळोखात गेला नाही, याबद्दल काही टीकाकार त्याला बोल लावतील. परंतु भनपुरीसारख्या वस्तीत वाढणाऱ्या मुलाला काळोख कोणी वेगळा दाखवावा लागत नाही. तो गल्लीतच असतो. हिरव्या छपराची कल्पना मात्र कोणीतरी आणून द्यावी लागते.

२०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार शुक्लांना जाहीर झाला, तेव्हा छत्तीसगडमधील लेखकाला तो प्रथमच मिळत होता. २३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूर येथे वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोलूची कथा सत्ती खन्ना यांच्या भाषांतराने २०१७ सालीच इंग्रजीत गेली. मराठीत ती आणणाऱ्याला वाक्यरचना फारशी अडवणार नाही. शुक्लांची वाक्ये लहान आणि शब्द रोजचे असतात. नायकाच्या नावापाशी मात्र तो थबकेल, कारण हिंदीत जे केवळ लाडके नाव आहे ते मराठीत एक प्रश्नही आहे. मागच्या बाकावरचे मूल अर्धवट हात वर करून बाईंना विचारते तो: बोलू?